भेदभाव आणि अत्याचाराच्या तक्रारींची सरकारी आकडेवारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्ह्यात अ‍ॅट्रॉसिटीचे गुन्हे किती, याचं उत्तर पोलीस एक देतात, समाज कल्याण कार्यालय दुसरं देतं आणि वर्तमानपत्रात तिसरंच छापून येतं. बहुतेक वेळा तिघांपैकी कोणीही खोटं बोलत नसतं, प्रत्येकाने वेगळी गोष्ट मोजलेली असते. कोण काय मोजतो, कुठे गळती होते आणि ती कशी पकडायची, हे दक्षता समित्यांचे (अत्याचाराच्या प्रकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी समित्यांचे) अशासकीय सदस्य, कार्यकर्ते, वार्ताहर आणि तक्रारदारांचे नातलग यांच्यासाठी इथे दिलं आहे. सर्वाधिक भर अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंधक) अधिनियम, १९८९ वर आहे. कार्यालयातील लैंगिक छळ आणि अपंगत्वावरून होणारा भेदभाव यांच्या नोंदींबद्दल पुढे थोडक्यात लिहिलं आहे.

भेदभावाच्या सगळ्या तक्रारींची एकत्रित सरकारी यादी मिळते का?

नाही. भारतात सर्व प्रकारच्या भेदभावाला लागू होणारा एकच कायदा नाही, त्यामुळे एकच नोंदवहीही नाही. जातीवरून झालेल्या अत्याचाराचा गुन्हा पोलिसांकडे नोंदला जातो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे जाते. अपंग कर्मचाऱ्याची तक्रार त्याच्या कार्यालयातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाते. राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोग, अनुसूचित जमाती आयोग, महिला आयोग आणि मानवी हक्क आयोग आपापल्याकडे आलेले अर्ज स्वतंत्रपणे मोजतात. १४५६६ या अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइनवर केलेल्या तक्रारीला वेगळा क्रमांक मिळतो.

हे आकडे एकमेकांत मिसळू नयेत. एकाच माणसाने आयोगाला अर्ज, हेल्पलाइनला फोन आणि ठाण्यात फिर्याद असं तिन्ही केलं, तर तो तीन ठिकाणी मोजला जातो. आणि ज्याने फक्त आयोगाला लिहिलं, तो पोलिसांच्या आकड्यात कुठेच नसतो.

ठाण्यात तक्रार दिली. ती आकडेवारीत आली असं समजायचं का?

गुन्हा नोंदला गेला असेल तरच आली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, जे आकडे छापतो ते नोंदलेल्या गुन्ह्यांचे असतात. ‘अर्ज चौकशीवर ठेवला’, ‘स्टेशन डायरीला नोंद घेतली’, ‘एनसी (अदखलपात्र नोंद) दिली’ यांपैकी काहीही झालं असेल, तर अ‍ॅट्रॉसिटीच्या तक्त्यापुरती ती तक्रार झालीच नाही असं धरलं जातं. सर्वांत मोठी गळती इथेच होते, आणि ती पुढे कुठल्याच कागदावर दिसत नाही.

म्हणून पहिल्या दिवशी हातात काय पडलं ते नीट पाहा. एफआयआरवर गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि वर्ष असतं. तो क्रमांक नसेल तर तुमच्याकडे फक्त अर्जाची पोच आहे. एफआयआरची प्रत मोफत मिळते, तो तक्रारदाराचा हक्क आहे.

दखलपात्र गुन्ह्याची (ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय करू शकतात) माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा ललिता कुमारी प्रकरणातला निर्णय १२ नोव्हेंबर २०१३ चा आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली आलेलं कलम १८-अ तर स्पष्टच सांगतं की, गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. ‘आधी चौकशी करू, मग बघू’ या उत्तराला कायद्याचा आधार नाही. ते मिळालं तर क्रमाने असं करा:

१. तोच मजकूर लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना, शहरात असाल तर आयुक्तालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना, नोंदणीकृत टपालाने पाठवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) मध्ये ही तरतूद आहे.
२. त्यानंतरही गुन्हा नोंदला नाही, तर त्याच कलमाखाली न्यायालयात अर्ज करता येतो.
३. त्याच अर्जाची प्रत जिल्हाधिकारी आणि समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांना द्या. त्याने गुन्हा नोंदला जाईलच असं नाही, पण नोंद टाळल्याचा पुरावा पोलीस खात्याबाहेरच्या आवक रजिस्टरमध्ये उतरतो.

कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातीच्या नसलेल्या लोकसेवकाला अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४ खाली ६ महिने ते १ वर्ष कारावासाची तरतूद आहे. मात्र त्यासाठी आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते.

एफआयआर झाला, पण अ‍ॅट्रॉसिटीची कलमं लावली नाहीत. मग?

मग तो गुन्हा साध्या मारहाणीत किंवा शिवीगाळीत मोजला जातो आणि अनुसूचित जातींवरील अत्याचारांच्या तक्त्यात येतच नाही. एफआयआरच्या वरच्या भागात ‘अधिनियम’ आणि ‘कलमे’ असे रकाने असतात. प्रत हातात पडताच ते वाचा.

कलमं न लागण्याचं एक नेहमीचं कारण फिर्यादीच्या मजकुरात सापडतं. ‘जातीवाचक शिवीगाळ केली’ एवढंच लिहिलेलं असतं. फिर्यादीची जात, आरोपीची जात, नेमके उच्चारलेले शब्द, जागा आणि तिथे कोण हजर होतं, हे पाच तपशील राहून जातात. कलम ३(१)(आर) (जाणूनबुजून अपमान) आणि ३(१)(एस) (जातीवाचक शिवीगाळ) साठी घटना लोकांच्या नजरेसमोर येईल अशा ठिकाणी घडलेली असावी लागते, त्यामुळे जागेचा तपशील गाळला की कलमच डळमळतं.

दुसरं कारण जातीच्या दाखल्याचं. ‘दाखला आणा, मग कलम लावू’ असं सांगितलं जातं. तपासात आणि आर्थिक साहाय्य मिळवताना दाखला लागतो, पण गुन्हा नोंदवण्यासाठी कायद्याने अशी अट घातलेली नाही.

नंतर दुरुस्ती होऊ शकते. पुरवणी जबाब द्या आणि कलमवाढीची लेखी मागणी करा. कलमवाढ झाली की तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे राहू शकत नाही. तपास अधिकारी बदललेला नसेल, तर कलमवाढ कागदावर झाली आहे का, ते पुन्हा तपासा.

एका घटनेत मारहाण, जाळपोळ आणि खून झाला. हे किती गुन्हे धरले जातात?

एनसीआरबीच्या पद्धतीत एका एफआयआरमधला सर्वांत गंभीर गुन्हा मोजला जातो. याला प्रधान गुन्ह्याचा नियम म्हणतात. वरच्या घटनेत ‘खून’ या रकान्यात एक गुन्हा दिसेल, जाळपोळीच्या रकान्यात काही दिसणार नाही. म्हणून ‘जाळपोळीचे गुन्हे इतकेच’ असं त्या तक्त्यावरून म्हणता येत नाही. जाळपोळ हाच सर्वांत गंभीर भाग होता, असे गुन्हे इतके, एवढंच म्हणता येतं.

पीडितांची संख्या वेगळ्या रकान्यात असते. एका वस्तीवर हल्ला झाला, वीस घरं बाधित झाली आणि एकच एफआयआर नोंदला, तर गुन्हा एक. बातमी लिहिताना ‘गुन्हे’ आणि ‘पीडित’ हे शब्द एकमेकांऐवजी वापरले जातात, ती चूक टाळावी.

ठाण्यातला आकडा दिल्लीपर्यंत कोणत्या वाटेने जातो?

वाटा दोन आहेत, आणि हे कळलं की निम्मा गोंधळ मिटतो.

पहिली वाट पोलिसांची. ठाण्यातली नोंद सीसीटीएनएस या संगणक प्रणालीत जाते, जिल्हा पातळीवर एकत्र होते, तिथून राज्य गुन्हे नोंद विभागाकडे आणि मग एनसीआरबीकडे. महाराष्ट्रात हे काम पुण्याच्या राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे आहे. ‘क्राइम इन इंडिया’ हा वार्षिक अहवाल १९५३ पासूनच्या आकडेवारीचा आहे, आणि एनसीआरबीची स्थापना १९८६ ची. अहवालात अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींचे तक्ते वेगवेगळे असतात. हिशोब कॅलेंडर वर्षाचा, जानेवारी ते डिसेंबर. अहवाल मात्र उशिरा येतो: २०२२ ची आकडेवारी डिसेंबर २०२३ मध्ये आली आणि २०२३ ची थेट सप्टेंबर २०२५ मध्ये. एवढ्या उशिरा आलेल्या आकड्यावरून चालू वर्षाचं धोरण ठरवता येत नाही, म्हणून जिल्ह्याचा मासिक कागद मिळवण्यावर आमचा जोर असतो.

दुसरी वाट महसूल आणि समाज कल्याणची. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या १९९५ च्या नियमांतल्या नियम ४(४) प्रमाणे जिल्हा दंडाधिकारी आणि अभियोगाचे प्रभारी अधिकारी नोंदलेल्या प्रकरणांचा आढावा घेऊन पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत मासिक अहवाल पाठवतात. नियम १७ खालची जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती तीन महिन्यांतून किमान एकदा भरायला हवी. नियम १६ खालची राज्य समिती मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली वर्षातून किमान दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये. नियम १८ प्रमाणे राज्य सरकार दरवर्षी ३१ मार्चपूर्वी मागच्या कॅलेंडर वर्षाचा अहवाल केंद्राला पाठवतं, आणि कायद्याच्या कलम २१(४) प्रमाणे केंद्र सरकार दरवर्षी संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे अहवाल ठेवतं.

पोलीस आणि समाज कल्याणचे आकडे जुळत नाहीत. कोणाचं खरं?

आधी दोन्हींचं वर्ष तपासा. पोलिसांचं जानेवारी ते डिसेंबर, तर पीडितांना सरकार देत असलेल्या आर्थिक साहाय्याच्या निधीचा हिशोब एप्रिल ते मार्च. मार्चमध्ये नोंदलेल्या गुन्ह्याचं साहाय्य मार्चमध्येच मंजूर झालं, तरी ते प्रकरण पोलिसांच्या चालू वर्षात आणि निधीच्या आधीच सुरू झालेल्या आर्थिक वर्षात दिसतं.

मग एकक तपासा. पोलिसांकडे गुन्हा मोजला जातो, समाज कल्याणकडे बहुधा लाभार्थी. एका गुन्ह्यात चार पीडित असतील, तर एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला ४.

हे दोन्ही वजा करूनही फरक उरला, तर तो महत्त्वाचा आहे. नियमांनुसार साहाय्य सात दिवसांत मिळायला हवं. रक्कम गुन्ह्याच्या प्रकारानुसार ८५,००० ते ८,२५,००० रुपयांपर्यंत असते आणि टप्प्याटप्प्याने दिली जाते. अपमान, धमकी अशा कलमांत १ लाख रुपये आहेत, त्यांतले २५ टक्के एफआयआरच्या टप्प्यावर, ५० टक्के दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर आणि उरलेले २५ टक्के खालच्या न्यायालयात आरोपी दोषी ठरल्यावर. म्हणजे साहाय्याची फाइल ही तपासाचीही सावली असते. एफआयआरच्या टप्प्याची रक्कम ६० जणांना मिळाली, दोषारोपपत्राच्या टप्प्याची फक्त २० जणांना, आणि पोलीस म्हणतात ५० गुन्ह्यांत दोषारोपपत्र गेलं, अशी स्थिती असेल तर दोन कार्यालयांमधला कागद कुठेतरी अडला आहे. अनेकदा दोषारोपपत्राची प्रत समाज कल्याणला पोहोचलेलीच नसते. ही तफावत गुन्हा क्रमांक लावूनच सुटते, एकूण बेरजा समोरासमोर ठेवून सुटत नाही.

आकडा वाढला म्हणजे अत्याचार वाढले का?

नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. अनुसूचित जातींविरुद्धचे नोंदलेले गुन्हे २०२१ मध्ये ५०,९०० होते आणि २०२२ मध्ये ५७,५८२, म्हणजे सुमारे १३ टक्के वाढ. यात प्रत्यक्ष घटना किती वाढल्या आणि नोंदणी किती सुधारली, हे तो तक्ता सांगत नाही. २०१५ च्या दुरुस्तीने गुन्ह्यांची यादी लांबवली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. त्याआधीच्या आणि नंतरच्या वर्षांची थेट तुलना करणं म्हणजे दोन वेगळ्या मापांनी मोजणं आहे.

कधी कधी मात्र वाढीचं कारण उघड असतं. अनुसूचित जमातींविरुद्धचे गुन्हे २०२२ मध्ये १०,०६४ होते, २०२३ मध्ये १२,९६० झाले. या वाढीत मणिपूरचा वाटा सर्वांत मोठा होता: तिथे २०२२ मध्ये एक गुन्हा नोंदला होता आणि २०२३ च्या हिंसाचारानंतर ३,३९९. मणिपूर वेगळं न काढता ‘देशभर वाढ’ असा मथळा दिला, तर वाचकाची दिशाभूल होते. राष्ट्रीय आकड्यापुढे जाऊन राज्यवार तक्ता उघडण्याची सवय ठेवा.

आणि शून्य असेल तर?

शून्याची आधी चौकशी करा. शेजारच्या तालुक्यात दरवर्षी दहा-पंधरा गुन्हे आणि एखाद्या ठाण्यात सलग तीन वर्षं एकही नाही, असं असेल तर त्या ठाण्याचं अर्ज चौकशी रजिस्टर आणि एनसी रजिस्टर तपासायला सांगा. तिथे जातीचा उल्लेख असलेल्या नोंदी सापडल्या, तर शून्याचा अर्थ कळतो. ‘निरंक’ शेरा मारलेला मासिक अहवाल आमच्या लेखी चांगली बातमी नाही, तो प्रश्न विचारण्याची जागा आहे.

प्रति लाख दर कसा काढतात?

गुन्हे भागिले त्या समाजाची लोकसंख्या (लाखांत). २०२२ साठी ५७,५८२ भागिले सुमारे २,०१४ लाख, म्हणजे २८.६. अडचण छेदाची आहे: ती लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची आहे. त्यानंतर लोकसंख्या वाढली, छेद मात्र तोच राहिला, त्यामुळे दर प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त दिसतो. राज्याराज्यांची तुलना करताना दरच घ्या, पण वर्षावर्षांची तुलना करताना ही मर्यादा लिहा.

दोषसिद्धीचा दर ३० टक्के म्हणजे १०० तक्रारींपैकी ३० जणांना न्याय मिळाला, बरोबर?

नाही. हा सर्वांत जास्त चुकीचा वाचला जाणारा आकडा आहे. समजा, एका जिल्ह्यात वर्षभरात १०० गुन्हे नोंदले गेले. पोलिसांनी त्या वर्षी ९० प्रकरणं निकाली काढली, त्यांपैकी ७५ मध्ये दोषारोपपत्र गेलं. दोषारोपपत्राचा दर झाला ७५ भागिले ९०, म्हणजे ८३.३ टक्के. न्यायालयात आधीची ४०० प्रकरणं पडून आहेत. त्या वर्षी २० खटले पूर्ण झाले, ६ मध्ये शिक्षा झाली. दोषसिद्धीचा दर ६ भागिले २०, म्हणजे ३० टक्के. हे ६ खटले त्या वर्षीच्या १०० गुन्ह्यांतले नसतातच, ते अनेक वर्षांपूर्वीचे असू शकतात.

या उदाहरणात खरी बातमी ३० टक्क्यांत नाही, प्रलंबित खटल्यांत आहे: आधीचे ४०० आणि नवे ७५ मिळून ४७५ खटल्यांपैकी फक्त २० संपले. कायदा म्हणतो तपास आणि दोषारोपपत्र ६० दिवसांत, आणि खटला शक्यतो दोषारोपपत्रापासून दोन महिन्यांत. म्हणून दोषसिद्धीचा दर छापताना शेजारी प्रलंबित खटल्यांची संख्याही छापावी, असं आम्ही आग्रहाने म्हणतो.

‘बहुतेक केसेस खोट्या असतात’ असं आकडेवारीच सांगते, असं ऐकतो.

आकडेवारी असं सांगत नाही. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्याने हा समज पसरतो.

दोषारोपपत्र न पाठवता तपास बंद झाला, तर महाराष्ट्रात ‘समरी’ मागितली जाते. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण शोध लागला नाही किंवा पुरावा पुरला नाही. ‘ब’ समरी म्हणजे तक्रार जाणूनबुजून खोटी. ‘क’ समरी म्हणजे गैरसमजातून दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची तक्रार. यांतली फक्त ‘ब’ खोटी. एनसीआरबीच्या तक्त्यातही ‘खोटी’, ‘वस्तुस्थितीची चूक’ आणि ‘खरी पण पुरावा अपुरा’ हे रकाने वेगळे आहेत. ते जो एकत्र करतो, त्याच्या निष्कर्षावर विश्वास ठेवू नका.

दुसरं, निर्दोष सुटका म्हणजे खोटी तक्रार नव्हे. साक्षीदार फितूर होतात, तपास कनिष्ठ अधिकाऱ्याने केल्याचा आक्षेप निघतो, जातीचा दाखला पुराव्यात आणायचा राहतो. आरोपी सुटतो, पण घटना घडली नाही असं त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय समरी हा पोलिसांचा अहवाल असतो. न्यायालय तक्रारदाराला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकतं, त्यामुळे त्या नोटिशीला उत्तर द्यायला चुकू नका.

माहिती अधिकारात नेमकं काय मागावं?

नवी बेरीज मागू नका, असलेला कागद मागा. ‘गेल्या पाच वर्षांतील अत्याचारांचे विश्लेषण द्यावे’ असं लिहिलं की ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं, आणि कायद्याने ते चालतंही. त्याऐवजी कागदाचं नाव लिहा:

– नियम ४(४) खालील मासिक अहवालांच्या प्रती, अमुक महिना ते अमुक महिना.
– जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीच्या बैठकींची इतिवृत्तं आणि त्यांवरील अनुपालन अहवाल.
– साहाय्य मंजुरीची नोंदवही, नावं आणि पत्ते झाकून, गुन्हा क्रमांकासह.

महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून वरच्या तिन्हींसाठी तीन अर्ज करा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. इतिवृत्त मागितल्यावर ‘बैठक झाली नाही’ असं लेखी उत्तर आलं, तर तेही जपून ठेवा. नियम १७ मोडल्याचा तो सरकारी पुरावा आहे.

कार्यालयातील लैंगिक छळाच्या तक्रारी कोण मोजतं?

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यात कलम २१ प्रमाणे अंतर्गत समिती दर कॅलेंडर वर्षाचा अहवाल मालकाला आणि जिल्हा अधिकाऱ्याला देते. त्यात आलेल्या तक्रारी, निकाली निघालेल्या, ९० दिवसांहून अधिक प्रलंबित असलेल्या, घेतलेल्या कार्यशाळा आणि केलेली कारवाई, एवढं असावं लागतं. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. कलम २३ प्रमाणे दाखल आणि निकाली प्रकरणांची आकडेवारी सरकारने ठेवायची आहे.

तक्रारीचा मजकूर आणि संबंधितांची ओळख कलम १६ मुळे माहिती अधिकारातही मिळत नाही. संख्या मागायला मात्र त्या कलमाची आडकाठी नाही. ‘गोपनीय’ म्हणून संख्याच नाकारली, तर अपिलात हा फरक मांडा. कंपन्यांना २०२५ च्या दुरुस्तीनंतर संचालक मंडळाच्या अहवालात आलेल्या, निकाली निघालेल्या आणि ९० दिवसांहून जास्त प्रलंबित तक्रारींची संख्या द्यावी लागते.

अपंग कर्मचाऱ्यांच्या तक्रारी?

अपंग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २३ प्रमाणे प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी हवा, त्याच्याकडे तक्रार नोंदवही हवी आणि नोंदीपासून दोन आठवड्यांत चौकशी हवी. अधिकारी नेमला आहे का आणि नोंदवहीचं पहिलं पान कोणत्या तारखेचं आहे, हे दोन प्रश्न आधी विचारा.

लहान गावाचे आकडे प्रसिद्ध करताना काय जपावं?

गावात एकच गुन्हा असेल, तर गाव, महिना आणि गुन्ह्याचा प्रकार एकत्र छापणं म्हणजे नाव छापण्यासारखंच आहे. अशा वेळी तालुक्याचा आकडा द्या. बलात्काराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि नाव न लिहिताही नातं, शाळा किंवा घराच्या खुणेवरून ओळख उघड होते.

२०२४ पासूनचे आकडे जुन्यांशी जुळतील का?

जपून जुळवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे २०२४ या एकाच वर्षात जुनी आणि नवी दोन्ही कलमं आहेत. अत्याचार प्रतिबंधक कायद्याची स्वतःची कलमं बदललेली नाहीत, सोबत लावल्या जाणाऱ्या कलमांचे क्रमांक बदलले. कलम क्रमांकाने शोधाल तर प्रकरणं निसटतील, गुन्ह्याच्या नावाने शोधा.

दक्षता समितीच्या बैठकीला जाताना सदस्याने काय तयारी करावी?

बैठकीत एकूण बेरजांचा एक तक्ता पुढे केला जातो आणि पंधरा मिनिटांत विषय संपतो. तो तक्ता आठ दिवस आधी मागा, आणि बेरजांऐवजी प्रकरणनिहाय यादी मागा. प्रत्येक ओळीत गुन्हा क्रमांक, नोंदणीची तारीख, तपास अधिकाऱ्याचा हुद्दा, ६० दिवस कधी पूर्ण होतात, दोषारोपपत्राची तारीख, साहाय्याचा पहिला हप्ता दिल्याची तारीख आणि जातीचा दाखला मिळाला की नाही, हे सात रकाने असावेत. ६० दिवस उलटूनही दोषारोपपत्राचा रकाना रिकामा असलेल्या ओळींवर खूण करा आणि फक्त त्यांचीच कारणं विचारा. मिळालेली कारणं गुन्हा क्रमांकासह इतिवृत्तात लिहून घ्या, आणि पुढच्या बैठकीत त्याच ओळींपासून सुरुवात करा.